लढाईच्या सालातले रुपये

तेलगावच्या बंकट उदावंताला तराजू लागत नाही, असं माजलगावपर्यंतचे लोक म्हणायचे. तराजू होता, बापाच्या वेळचा, पितळी पारड्यांचा, शिसवी पेटीत ठेवलेला. पण गिऱ्हाईकानं रुपया पुढं केला की बंकट तो आधी तळव्यावर झेलायचा, मग अंगठ्याच्या नखावर उडवून त्याचा आवाज ऐकायचा आणि सांगून टाकायचा, "कलदार हाय. चार गुंजा झिजलाय." मागून पेटी उघडून तोललं तर फरक पडला तर एखाद्या गुंजेचा पडायचा.

त्याचा बाप त्रिंबक सोनार. त्यानं पोराला बाराखडीच्या आधी वजनं शिकवली होती. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. इंग्रजाचा कलदार रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, त्यात अकरा मासे चांदी आणि एक मासा हिणकस. निजामाचा हाली रुपया त्याहून हलका, साडेअकरा माशांचा, आणि त्यातली चांदी साडेनऊ माशांच्याही आतच. त्याच्या आधीचा मोगल बादशहाचा रुपया दिसायला लहान, अंगानं जाड, हालीपेक्षा किंचित जड आणि चांदी जवळजवळ चोख. म्हणून तर पुढच्या काळात तो ज्याच्या हाती लागला त्यानं आटवून टाकला, आणि आता बघायला मिळत नाही.

"राज्य पालटलं की रुपया पालटतो," त्रिंबक सांगायचा. "कवा वजनात पालटतो, कवा पोटात. वजनातलं कुनालाबी कळतं. पोटातलं आपल्यालाच कळतं."

पोटातला पालट बंकटनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला तो दुसऱ्या महायुद्धाच्या सालांत. आधी इंग्रजानं कलदारातली चांदी निम्म्यावर आणली, मागोमाग हैदराबादच्या टाकसाळीनंही हालीत तेच केलं. चारमिनार तोच, अक्षरं तीच, वजनही तेच साडेअकरा मासे. फक्त खाली कोरलेला सन नवा, आणि आत निम्मी चांदी. बाजारात तो रुपया रुपया म्हणूनच चालत होता, त्यामुळं कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. पुढं ते राज्य गेलं, हाली चलन बंद झालं, आणि ज्यांच्याकडं उरले होते त्यांचे रुपये बायकांच्या गळ्यात राहिले.

सन बहात्तरच्या उन्हाळ्यात बंकट अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. बाप जाऊन बारा वर्षं झाली होती. सलग तिसरं साल कोरडं जायच्या मार्गावर होतं. बाजारात बैल मातीमोल जात होते, रेशनला लाल जवारी मिळायची, आणि निम्मं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचं. सोनाराच्या दुकानात मात्र गर्दी होती. कुणी काही घडवायला येत नव्हतं. सगळे मोडायला येत होते.

तेलगावपासून दोन कोसांवर ओढ्याकाठी टाकळी आहे. तिथल्या भगवानराव पाटलानं त्या साली पाणी सोसायटी काढायचं मनावर घेतलं. ओढ्याच्या पोटात मोठी विहीर खणायची, तिच्यावर इंजिन बसवायचं, आणि सभासदांनी पाळीपाळीनं पाणी घ्यायचं. सरकारी मदत मिळणार होती, पण सभासदांनी आपला भाग आधी भरायला हवा होता. रोकड कुणाजवळ होती? भगवानरावानं तोड काढली. ज्याच्या घरात चांदी असेल त्यानं चांदी आणावी, सोसायटी ती एकदम विकेल. आणि चांदी पारखायला बंकटला बोलावलं, कारण त्याच्या शब्दावर कुणी वाद घातला नसता.

शाळेच्या ओसरीवर घोंगडी अंथरली होती. बंकटनं पेटी उघडली, कसोटीचा दगड आणि तेजाबाची बाटली मांडली. बाया पदराआडून गाठोडी काढत होत्या. वाळे, कडी, सरी, आणि रुपयांच्या माळा. इकडच्या बाया लग्नात मिळालेली रुपयांची माळ मरेपर्यंत मोडत नाहीत. त्या दिवशी ओसरीवर पंधरा-सोळा माळा होत्या.

"बंकट," भगवानराव म्हणाला, "येवढा कीस कशाला काढायचा? रुपया तो रुपया. सगळे एका भावानं लाव की."

"न्हाई मालक," बंकट म्हणाला. "हे बगा, हा कलदार. बारा मासे. हा जुना हाली, अर्धा मासा हलका, चांदी त्याहून कमी. आन् हा बी हालीच, पर लढाईच्या सालातला. वजन सारकंच, चांदी निम्मी. एका भावानं लावले तर कलदारवाली बुडंल आन् लढाईवाली फुकटात तरंल."

भगवानराव उर्दू शाळेत शिकलेला. त्यानं ते दोन रुपये उचलून त्यांच्यावरचे सन वाचले आणि मान हलवली. "बराबर हाय. मंग तू म्हनशील तसं."

दुपार कलायच्या सुमाराला छबुबाई आली. बरोबर नवरा रामकिसन आणि सासू केसरबाई. रामकिसन वर्षाचे पाच महिने ऊस तोडायला जायचा, उरलेले महिने चार एकर कोरडवाहूत राबायचा. पाण्याचा एक पूर्ण भाग मिळाला तर त्यातलं दीड एकर भिजलं असतं आणि दसऱ्यानंतर गाडी जुंपायची वेळ आली नसती. केसरबाईनं स्वतःच्या हातानं फडकं सोडलं. एकतीस रुपयांची माळ होती.

"आमच्या छबूच्या बापानं दिलेली," ती आजूबाजूच्या बायांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "त्याच्या, राधाकिशनच्या, बापानं पुरून ठेवलेली नानी. लढाईच्या आदीची. ती आन् तिचा बाप, कदी खोटं बोलली न्हाईत."

बंकटनं माळ हातात घेतली. तोलायची गरज नव्हती, कसोटीचीही नव्हती. प्रत्येक रुपयाच्या डोक्यावर झाळून बसवलेली कडी होती, आणि ती कडी डावीकडं जराशी कललेली होती. एकविसाव्या वर्षी बंकटचा हात तसाच चालायचा. बाप त्यावरून शिव्या द्यायचा.

 पूर्ण भाव लावून टाकावा, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. तूट आली तर सगळ्या सोसायटीत वाटली जाईल, कुणाला कळायचंही नाही. तेवढ्यात भगवानरावानं माळेचं एक टोक उचललं, रुपया डोळ्यांजवळ नेला आणि वाचला.

"तेराशे बासष्ट हिजरी. हे तर लढाईच्या सालातले." त्यानं दुसरा बघितला, तिसरा बघितला. "समदेच तसले. न्हाई का रे बंकट?"

"व्हय," बंकट म्हणाला. "निम्मी चांदी."

 केसरबाईला आधी नीट उमगलं नाही. उमगलं तेव्हा ती छबुबाईकडं वळली. "पुरून ठेवलेली म्हनत होता ना तुजा बाप? धा माणसांत म्हनला हुता! लगनाच्या मांडवात खोटं बोलला?"

 छबुबाई बंकटकडं बघत होती. बंकटच्याच गावातली ती, तेलगावची लेक. लहानपणी बंकटच्या दुकानासमोर चिंचोके खेळलेली. बंकटनं नजर पेटीत घातली आणि वजनं एकेक करून खाचेत बसवत राहिला.

अर्ध्या भागाची पावती झाली. अर्धा भाग म्हणजे पाण्याची अर्धी पाळी. रामकिसन पावती खिशात घालून निघाला. पायऱ्या उतरताना केसरबाईचं चालूच होतं, "सत्तावीस वरसं आमी त्या माळेची पूजा केली."

आता ते पंचेचाळीस साल सांगायला हवं. छबुबाईचा बाप राधाकिशन एकतीस रुपये धोतराच्या सोग्यात बांधून त्रिंबकच्या दुकानात आला होता. जुने हाली, लढाईच्या कितीतरी आधीचे, मातीत राहून काळे पडलेले. लेकीच्या लग्नात माळ घालायची म्हणाला. चार दिवसांनी न्यायला येतो, असं सांगून गेला. तो गेल्यावर त्रिंबकनं गल्ल्यातून एकतीस नवे रुपये मोजून बंकटपुढं ठेवले.

"ह्याची ओव."

बंकटला लगेच समजलं. "आबा, हे बरूबर न्हाई."

"वजन कमी हाय का? तोलून बग."

बंकटनं खरंच तोललं. एक पारडं जुन्यांचं, एक नव्यांचं. काटा मधोमध उभा राहिला. झिजलेल्या जुन्यांपेक्षा नवेच किंचित जड भरले. "बगितलंस?" बाप म्हणाला. "रुपयाला रुपया देतोय आपन. आन् सगळ्या सराफ्यात ह्येच चाललंय. जुना आटवा, नवा फिरवा. आपनच तेवढे कशाला मागं ऱ्हायचं?"

लढाईमुळं चांदीचा भाव चढला होता. घरात नवी सून, बंकटची बायको, आली होती आणि तिच्या अंगावर फुटका मणी नव्हता. बंकटनं कड्या झाळल्या, रुपये चिंच लावून घासले आणि माळ ओवली. राधाकिशन न्यायला आला तेव्हा म्हणाला, "लई लखलखीत केलीस पोरा." जुनी एकतीस नाणी मुशीत गेली, चोख चांदी निघाली, आणि तिचे चोवीस तोळ्यांचे तोडे त्रिंबकनं सुनेच्या, सरस्वतीच्या पायात घातले. त्या दीड वर्षात बापलेकांनी अशा सात माळा ओवल्या. मग राज्यच गेलं, लढाईचे रुपये बंद होऊन निकेलचे आले, आणि ती गोष्ट दोघांनीही पुन्हा काढली नाही. बंकटनं स्वतःची समजूत घातली होती, वजनात तर एका गुंजेनंही कमी दिलं नाही. ही समजूत सत्तावीस वर्षं टिकली.

टाकळीच्या त्या दिवसानंतर ती टिकेना. दुसऱ्या दिवशी बंकटनं दुकान उघडलं आणि एका बाईचे वाळे दोनदा तोलले, दोन्ही वेळा वेगळं वजन आलं. तिसऱ्या दिवशी ऐन उन्हात छबुबाई दुकानाच्या पायरीवर येऊन बसली. दोन कोस चालून आली होती. पायात वहाण नव्हती.

"बंकटदादा, येक इचारायला आले."

"पानी पी आदी."

ती पाणी प्यायली, तोंड पुसलं. "माळ तुमीच ओवली. माजे आबा रुपये घेऊन आले तवा तुमी बगितले असतील. मला खरं काय ते सांगा. आबाला ठावं हुतं का?"

बंकटनं भात्याकडं तोंड फिरवलं.

"घरात लई बोलत्यात," ती म्हणाली. "ते काय, ऐकून घेईन मी. पर आबा मरायच्या आदी मला म्हनले हुते, पोरी, तुला दुसरं काय दिलं न्हाई, पर माळ चोख दिली. मरताना मानूस खोटं बोलतं का?"

"मला आटवत न्हाई छबू," बंकट म्हणाला. "लई वरसं झाली."

 ती "बरं" म्हणून उठली, पदर डोक्यावर ओढला आणि आलेल्या वाटेनं निघाली. बंकटनं ती चावडीच्या वळणापर्यंत जाताना बघितली. त्यानं दुकानाला कडी लावली आणि मागच्या दारानं घरात गेला.

सरस्वतीबाई चुलीपुढं लाल जवारीच्या भाकरी थापत होती. ते पीठ चिकट नसतं, भाकर हातातच चिरते. बंकट भिंतीला टेकून बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. सोग्यात बांधून आणलेले रुपये, बापाचं बोलणं, काटा मधोमध उभा राहिलेला, आणि मघाशी छबुबाईला दिलेलं उत्तर. सांगताना तो तिच्या पायाकडं बघत नव्हता. तिनं मात्र बघितलं.

भाकर तव्यावर करपायला लागली. तिनं ती खाली घेतली नाही.

"म्हंजे सत्तावीस वरसं," ती हळू म्हणाली, "म्या छबूच्या बापाची चांदी पायात घालून देवळात जात हुते."

"आबानं केलं ते..."

"आबानं सांगितलं. केलं तुमी."

तिनं पाय पुढं घेतला आणि तोड्याची फिरकी उलटी फिरवायला लागली. फिरेना. पायात घातल्यापासून ते तोडे निघालेच नव्हते, घोटे जाड झाले होते. ती ओढायला लागली तशी कातडी सोलून निघाली. बंकटनं पकड आणली, मळी साफ केली, तेल सोडलं, आणि एकेक फिरकी सैल करून दोन्ही तोडे काढले. दोन्ही घोट्यांवर पांढरे पट्टे उमटलेले होते. 

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो टाकळीला गेला. सरस्वतीबाई म्हणाली, मीबी येते, आणि आली. सोसायटीची बैठक शाळेच्या ओसरीवर भरलेली होती, विहिरीची जागा ठरायची होती. बंकटनं तोडे घोंगडीवर ठेवले आणि उभ्यानंच सांगितलं. त्यानं काही झाकलं नाही. राधाकिशननं चोख नाणी आणली होती. बदलली आम्ही. ओवली मी. त्या बिचाऱ्याला मरेपर्यंत पत्ता नव्हता.

रामकिसन उठला. काळा, हडकुळा माणूस, कोयता धरून धरून बोटं वाकडी झालेली. तो दोन पावलं पुढं आला तेव्हा लोकांना वाटलं मारतो आता. पण त्यानं फक्त विचारलं, "आसल्या आजून किती माळा?"

"सहा."

ओसरीवर कालवा झाला. ज्या ज्या घरात बंकटच्या हातची वस्तू होती ते सगळे एकदम बोलायला लागले. एकजण ओरडला, "चोर हाय बे ह्यो! आन् आपली चांदी ह्याच्याकडनंच तोलून घेतली!" भगवानरावानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"छबुबाईला बोलवा," तो म्हणाला.

ती खडीच्या कामावरून तशीच आली, हातापायाला पांढरी धूळ. केसरबाई मागोमाग आली. भगवानरावानं थोडक्यात सांगितलं.  सरस्वतीबाईनं दोन्ही तोडे उचलून तिच्या पुढ्यात ठेवले.

"बाई, हे तुजंच हाय. घे."

छबुबाईनं तोडे मागं सारले. "समदंच माजं न्हाई. एकतीस रुपये तर मला बी मिळालेच हुते, निम्म्या चांदीचे. दादा, माजं कमी किती पडलं?"

बंकटला ते पाठ होतं. तीन दिवस दुसरं काही डोक्यात नव्हतं. "नऊ तोळे पाच मासे."

"मंग तेवढंच कापा. हितंच कापा, सगळ्यांम्होरं. वरची गुंज मला नगं."

"आगं, ठेव की समदं," कुणी तरी म्हातारी म्हणाली. "सत्तावीस वरसांचं काय?"

"नगं," छबुबाई म्हणाली. "उद्या कुनी म्हनंल, राधाकिशनच्या लेकीनं सोनाराला लुटलं."

भगवानरावानं लोहाराकडून ऐरण आणि छिन्नी आणवली. बंकट मांडी घालून बसला. स्वतःच्या बायकोच्या पायातला तोडा त्यानं ऐरणीवर धरला आणि घाव घातला. एका घावात तुटला नाही. तुकडा तोलला, जास्त भरला. त्यातून कतरण काढली, पुन्हा तोलली. तेवढ्या गर्दीत पारडं स्थिर व्हायला वेळ लागत होता. शेवटी काटा उभा राहिला. छबुबाईनं वाकून काटा बघितला, मग भगवानरावाकडं बघितलं. त्यानं मान हलवल्यावर तिनं चांदी उचलून सोसायटीच्या ढिगात टाकली. तिचा भाग पूर्ण झाला.

 केसरबाईनं सुनेच्या पाठीवरची धूळ झटकल्यासारखं केलं आणि बाजूला झाली.

बंकट तराजू उचलत होता तेव्हा छबुबाई त्याच्याजवळ आली. "दादा, येक सांगते. घरच्यांनी माज्या आबाला चोर म्हनलं, त्याचं मला काय न्हाई. पर चार दीस मी बी म्हनले. मनातल्या मनात मी बी म्हनले." तिचे डोळे कोरडेच होते. "काल तुमच्या दारातनं परत येताना तर खात्रीच झाली हुती."

 पुढं कितीतरी वर्षं ती बंकटला वाटेत भेटली की "बरं हाय का दादा" म्हणायची, पण त्याच्या दुकानाची पायरी ती पुन्हा चढली नाही.

भगवानरावानं सोसायटीची सगळी चांदी माजलगावच्या दुसऱ्या सराफाकडून पुन्हा तोलून, पारखून घेतली. बंकटनं सांगितलेलं प्रत्येक वजन आणि प्रत्येक कस बरोबर निघाला. भगवानरावानं तसं गावात सांगितलंही. त्याचा काही उपयोग झाला नाही. तेलगावच्या दुकानात माणूस फिरकेना. आठ दिवसांत भाता थंड झाला, आणि महिनाभरात बंकट आणि सरस्वतीबाई दोघंही खडी फोडायला जायला लागले. हातात हातोडी बसायला त्याला वेळ लागला नाही, पण खडीच्या ढिगावर बायका त्याच्यापासून जरा लांब बसायच्या.

ज्या दिवशी काम बंद असायचं त्या दिवशी तो उरलेल्या सहा माळांच्या मागावर निघायचा. सातही नावं त्याला पाठ होती. लिंबागणेशला गणपतीच्या देवळामागं राहणारी वत्सलाबाई भेटली. तिनं माळ मागच्याच महिन्यात बीडला मोडली होती. "निम्मीच चांदी निगाली म्हनून म्या सराफाला शिव्या घातल्या," ती म्हणाली. "आता त्याला काय सांगू जाऊन?" बंकटनं तिला तोड्याचा एक तुकडा तोलून दिला. तिनं घेतला आणि जेवायला थांबवलं. घरात दोन भाकरी होत्या, त्यातली एक त्याला वाढली. ती टाकणं बरं नव्हतं, म्हणून त्यानं खाल्ली.

धर्मापुरीत उलटं झालं. तिथली कौशल्याबाई वारली होती आणि तिची माळ तीन लेकींत वाटली गेली होती. थोरल्या जावयानं बंकटला अंगणातच उभं केलं. तोड्याच्या चांदीचा तुकडा त्यानं घेतला आणि वर दोन थोबाडीत दिल्या. शेजारीपाजारी बघत होते. बंकट परत येताना तळ्याच्या काठावर बसला, तोंड धुतलं, आणि गाडीरस्त्याला लागला. घरी आल्यावर सरस्वतीबाईनं सुजलेला गाल बघितला. तिनं हळद गरम केली आणि लावली. 

दोन बायकांनी त्याचं म्हणणं मानलंच नाही. आमची माळ चोखच आहे, तू काही तरी काढून नेशील, म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. पाचवीनं ऐकून घेतलं आणि आता ह्या वयात कशाला म्हणून हसली. तिला काही नको होतं. तोड्यांची चांदी तोवर तशीही संपत आली होती.

त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात पाऊस झाला. त्याच्या आधीच टाकळीच्या विहिरीला बारा पुरुष खोलीवर पाणी लागलं होतं. इंजिन बसलं, पाटानं पाणी आलं. रामकिसननं दीड एकरात गहू केला आणि त्या वर्षी तो ऊसतोडीला गेला नाही. पाणी सोसायटी नऊ वर्षं चालली, मग पाळीवरून तंटे झाले आणि इंजिन विकलं गेलं. त्या नऊ वर्षांत छबुबाईच्या दोन लेकींची लग्नं झाली.

बंकटची सहावी माळ मात्र राहिली होती. सत्यभामा नावाची बाई, वडवणीकडं दिलेली. तिच्या गावात गेला तेव्हा कळलं, नवरा वारला, जमीन दिरांनी घेतली, ती लेकाबरोबर ऊस तोडायला गेली आणि मग घराला कुलूपच पडलं. कुणी म्हणे सांगलीकडं, कुणी म्हणे नगरकडं. दसऱ्यानंतर तेलगावच्या चौकातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बैलगाड्या, पुढं पुढं ट्रकही. बंकट दरसाल त्या दिवसांत चौकात जाऊन बसायचा. मुकादमाला गाठायचा, "तुमच्या टोळीत सत्यभामा नावाची कुनी म्हातारी हाय का? वडवणीकडची?" मुकादम हसायचे. एका टोळीत तीन-तीन सत्यभामा असायच्या. एकदा त्यानं दोन वेगळ्या सत्यभामांना ट्रकमधून खाली उतरायला लावलं. एक पंचविशीतली होती, दुसरीनं जन्मात माळ बघितली नव्हती.

अठ्ठ्याहत्तर साली एका मुकादमानं नीट ऐकून घेतलं. "ती व्हय. मागल्या साली वारली. फडातच ताप भरला. तिचा लेक आता तिकडंच ऱ्हातो, मजुरीवर."

"कुठं?"

"नक्की न्हाई सांगता येत."

"तिच्याजवळ रुपयांची माळ हुती?"

मुकादमानं जरा आठवून बघितलं. "गळ्यात तर काय नव्हतं."

ट्रक सुरू झाला. बायका, भांडी, कोंबड्या, गुंडाळलेल्या चटया घेऊन तो धारूरच्या रस्त्याला लागला. बंकटनं धुळीत उभ्यानंच तो दिसेनासा होईपर्यंत बघितला. मग घरी आला, हातपाय धुतले. सरस्वतीबाईनं ताट वाढलं आणि विचारलं, "काय कळलं का?"

"व्हय," बंकट म्हणाला. "तिला सांगायचं राहूनच गेलं."

ती समोर बसली. त्यानं पहिला घास मोडला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला.